खतीब सरांचा वाचनाचा तास

खतीब सरांना मराठी नीट वाचता येत नाही, ही गोष्ट आमच्या वर्गाला त्यांनीच सांगितली, आणि तीही पहिल्याच तासाला.

नळदुर्गच्या हायस्कुलात मी आठवीत गेले, त्या वर्षीची ही गोष्ट. निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती. त्याआधी हायस्कुलातलं शिक्षण उर्दूतून चालायचं, आता ते मराठीतून सुरू झालं होतं. पुस्तकं बदलली, फळ्यावरची अक्षरं बदलली, मास्तर मात्र बरेचसे तेच राहिले. खतीब सर त्यांतलेच एक. गावातलेच, किल्ल्याच्या वेशीजवळ राहणारे. इतकी वर्षं त्यांनी उर्दूतून इतिहास शिकवला होता. आता तोच इतिहास मराठीतून शिकवायचा होता, आणि वर शेवटचा वाचनाचा तासही त्यांच्याकडंच आला होता. तो तास कुठल्याच मास्तरांना नको होता. मुलं पेंगलेली असायची, शिकवण्यासारखं त्यात काही नव्हतं. म्हणून हेडमास्तरांनी तो सरांच्या गळ्यात घातला.

सर वर्गात आले. गळ्यापर्यंत गुंड्या लावलेली काळी शेरवानी, काळी टोपी, बारीक कातरलेली दाढी. खडू घेतला आणि फळ्याच्या उजव्या टोकाला जाऊन लिहायला सुरुवात केली. एक रेघ ओढली, थांबले, तिच्याकडं बघितलं, बाहीनं ती पुसली आणि चालत डाव्या टोकाला गेले. सगळा वर्ग हसला. सरही हसले.

"हसा, हरकत नाही," ते म्हणाले. "उजवीकडून लिहायची जन्माची सवय आहे, हात तिकडंच जातो. मराठी बोलायला मला येतं. वाचायला अजून येत नाही. सुटी अक्षरं ओळखतो, पण जोडाक्षर आलं की पाय अडकतो. तेव्हा मी अडलो की तुम्ही सांगायचं. तुम्ही अडलात की मी सांगीन, मला येत असलं तर."

मास्तर होऊन 'मला येत नाही' म्हणणारा माणूस आम्ही त्याआधी पाहिला नव्हता. आम्हा पोरापोरींना 'तुम्ही' म्हणणारा तर नाहीच नाही. हा त्यांचा शेवटपर्यंतचा रिवाज होता. छडी मारायची वेळ आली तरी ते "जरा हात पुढं करता का" असं विचारायचे, आणि मुलगा हात पुढं करेपर्यंत त्यांचा राग निघून गेलेला असायचा.

वाचनाचा तास असा चालायचा. सर खुर्चीत न बसता पहिल्या बाकाच्या कडेवर टेकायचे, पुस्तक उघडायचे आणि ओळीखाली बोट ठेवून हळूहळू वाचायचे. अडले की मान वर करून विचारायचे, "हे काय आहे बाबा?" मग ज्याला आधी सांगता येईल त्यानं सांगायचं. त्यासाठी आमचे डोळे ओळीवरच हवेत. थोड्याच दिवसांत आम्हाला त्याचं वेड लागलं. उद्याचा धडा आम्ही घरीच वाचून ठेवू लागलो, सर कुठं अडणार ते शोधायला. "उद्या सर 'उद्ध्वस्त'ला थांबतात बघ," अशा पैजा लागायच्या. आणि सर खरोखर 'उद्ध्वस्त'ला थांबायचे. पुढं पुढं ते थांबेनासे झाले, तेव्हा आमचा हिरमोड व्हायचा.

अडलेला शब्द ते दिवसभर तोंडात घोळवायचे. रस्त्यानं चालताना ओठ हलत असायचे. बाजारातल्या लोकांना वाटायचं, खतीबसाहेब अल्लाचं नाव घेतायत. ते 'वैशिष्ट्य, वैशिष्ट्य' म्हणत असायचे. 'ळ' त्यांना फार छळायचा. फळ्याला ते फला म्हणायचे, जळकोटला जलकोट. बाजारातली एक केळीवाली म्हातारी त्यांना रस्त्यात थांबवून शिकवायची, "केलं न्हवं सर, केळं म्हना." आणि सर तिथंच उभं राहून, जीभ मागं वळवून, तिचं समाधान होईपर्यंत म्हणायचे.

माझे वडील, अण्णा, त्याच शाळेत कारकून होते. शाळा सुटली की मी त्यांच्यासाठी ऑफिसच्या व्हरांड्यात थांबायची. आमच्या वर्गाचं दार त्याच व्हरांड्यात उघडायचं, त्यामुळं पुढची गोष्ट मला कळली.

आमच्या वर्गात जळकोटचा मल्लिकार्जुन होता. आम्ही त्याला मल्लू म्हणायचो. आमच्यापेक्षा वयानं मोठा, उंच, ओठावर मिसरूड फुटलेला. घरात कानडी बोलणारी माणसं. शाळेसाठी नळदुर्गला मावशीकडं राहायचा. वर्गात वाचायला उभा राहिला की ऐकत राहावं असं वाचायचा. कुठं अडणं नाही, चाचरणं नाही. पानंच्या पानं घडाघडा. हेडमास्तर दारात उभं राहून त्याचं वाचन ऐकायचे.

एके दिवशी तास संपल्यावर सर म्हणाले, "मल्लिकार्जुन, जरा थांबता का?"

वर्ग रिकामा झाला. मी बाहेर बसले होते. सरांनी पुस्तकाचं शेवटचं, अजून न शिकवलेलं पान उघडून त्याच्यापुढं धरलं. "हे वाचा."

मल्लूनं पुस्तक हातानं बाजूला सारलं.

"येत न्हाय सर," मल्लू म्हणाला.

"किती येतं?"

"माजं नाव तेवढं लिवता येतं."

"मग आठवीपर्यंत कसं आलात?"

त्यानं सांगितलं. रझाकारांच्या धामधुमीच्या काळात त्याच्या गावची शाळा बंद पडली होती. घरदार सोडून ही मंडळी सोलापूरच्या बाजूला जाऊन राहिली होती. परत आल्यावर वय बघून त्याला वरच्या वर्गात बसवलं. तिथं सगळ्यांना वाचता यायचं, आणि आपल्याला येत नाही हे सांगायची त्याला लाज वाटली. मावशीची मुलगी गौरी संध्याकाळी धडे वाचायची. "ती वाचती, म्या ऐकतो. एकदा ऐकलं की ध्यानात राहतंय."

मला वाटलं, आता सर त्याला हेडमास्तरांपुढं उभं करणार. बिचाऱ्यालाही तेच वाटलं असणार. "ह्येडमास्तरांस्नी सांगू नका सर," तो म्हणाला, "काढून टाकतील."

"मला कसं कळलं, माहीत आहे?" सर म्हणाले. "वर्गात सगळे मला जोडाक्षरं सांगतात. सगळ्यांत चांगलं वाचणारा मुलगा मात्र कधीच सांगत नाही. मग मला आठवलं, गेल्या साली मीही हेच करत होतो. मुलांकडून धडा वाचून घ्यायचा, तो पाठ करायचा, आणि हेडमास्तर आले की पुस्तक हातात धरून म्हणून दाखवायचा."

"तुमी सर?"

"मी. लपवायला फार दम लागतो, मल्लिकार्जुन. त्याच्या निम्म्या दमात वाचायला येतं. उद्यापासून शाळा सुटली की थांबायचं. मीही थांबतो. मलाही अजून बरंच यायचं आहे."

दुसऱ्या दिवसापासून दोघं वर्गात बसू लागले. सर मल्लूला बाराखडी शिकवत, आणि मल्लू सरांना 'ळ' शिकवी. कानडीत 'ळ' पुष्कळ, त्यामुळं त्याचा 'ळ' खणखणीत होता. कधी कधी दोघांच्या हसण्याचा आवाज बाहेर यायचा. दिवाळी झाली, थंडी पडली, आणि मल्लू वाचनाच्या तासाला एक दिवस पहिल्यांदा अडखळला. वर्गाला त्याचं नवल वाटलं. सरांचा चेहरा मात्र खुलला होता.

हे मल्लूच्या वडिलांच्या कानावर गेलं. जळकोटला त्यांचं किराणा दुकान होतं. धामधुमीत रझाकारांनी ते जाळलं होतं. आपला पोरगा एका मुसलमान मास्तराजवळ रोज एकटा बसतो, हे कळल्यावर ते बस धरून थेट शाळेत आले. कपाळावर विभूती, धोतर, हातात पिशवी. नाव बसप्पा. शाळा नुकतीच सुटली होती.

"खतीब मास्तर कोन?" त्यांनी अण्णांना विचारलं.

सर वर्गातून बाहेर आले. मल्लू त्यांच्या मागं दारातच थांबला.

"माजं दुकान कुनी जाळलं, तुमास्नी ठाव हाय का?" बसप्पा म्हणाले.

"ठाऊक आहे."

"मग माजा पोरगा तुमच्यापाशी बसनार न्हाय. काय शिकायचं ते दुसऱ्या मास्तराकडं शिकंल."

अण्णा उठून मध्ये यायला लागले. सरांनी त्यांना हातानं थांबवलं.

"तुमचं म्हणणं मला समजतं," सर म्हणाले. "पोलीस अ‍ॅक्शननंतरच्या दिवसांत माझाही धाकटा भाऊ गेला. त्यावर आपण दोघं बोलत बसलो तर दिवस पुरायचा नाही. मुलगा तुमचा आहे, तुम्ही म्हणाल तसं होईल. फक्त नेण्याआधी एकदा त्याचं ऐका."

भावाबद्दल सर बोलले ते तेवढंच. त्याआधी किंवा नंतर त्यांच्या तोंडून तो विषय कुणी ऐकला नाही.

अण्णांच्या टेबलावर सोलापूरचं वर्तमानपत्र पडलं होतं. दुपारच्या बसनं ते यायचं. सरांनी ते मल्लूच्या हातात दिलं. "कुठूनही वाचा."

मल्लूनं पान उघडलं. ओळीखाली बोट ठेवलं आणि वाचू लागला. बार्शीकडच्या एका गावात कुणाचा तरी बैल विहिरीत पडला होता, त्याची बातमी होती. बसप्पा हाताची घडी घालून उभे होते. त्यांना कानडी वाचता यायचं, मराठी नाही. मल्लू एक एक शब्द उचलत चालला होता. एका ठिकाणी अडला. सर काही बोलले नाहीत. अण्णांच्या ओठांवर शब्द आला होता, पण तेही गप्प राहिले. मल्लूनं अक्षर सुटं केलं, पुन्हा जोडलं आणि पुढं गेला. गावकऱ्यांनी दोर आणले. एकजण विहिरीत उतरला. बैलाच्या पोटाखालून दोर घातला. आणि तिथं पानच संपलं.

बसप्पा केव्हा पायरीवर बसले ते आम्हाला कळलंच नाही. "पुढं काय झालं?" ते म्हणाले. "निघाला का न्हाय बैल?"

मल्लू घाईघाईनं पान उलटून बातमीचा उरलेला तुकडा शोधू लागला. सापडला. त्यानं वाचलं. बैल सुखरूप वर आला होता, एक शिंग तेवढं मोडलं होतं. बसप्पांनी मोठा श्वास सोडला. अण्णांनीही सोडला. मीही सोडला असेन.

बसप्पा उठले. सरांकडं त्यांनी बघितलं नाही. मल्लूला कानडीत दोन वाक्यं बोलले, पिशवी उचलली आणि बसच्या दिशेनं चालायला लागले. आम्हाला कानडी कळत नव्हतं. सरांनी विचारलं, "काय म्हणाले?"

"म्हनाले, मावशीला सांगून ठेव, घरी यायला रोज उशीर हुनार हाय म्हनून."

सर वर्गात गेले आणि बराच वेळ पाठमोरे उभं राहून फळा पुसत राहिले. फळ्यावर काही लिहिलेलंच नव्हतं.

त्याच साली सरांवर वेगळंच संकट आलं. उर्दूत शिकलेल्या मास्तरांची मराठीत परीक्षा घ्यायची, आणि ज्यांना वाचून शिकवता येणार नाही त्यांना हायस्कुलातून काढून कुठंतरी लांब, खालच्या जागेवर पाठवायचं, असं वरून आलं. अण्णांनी घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "त्यांची बायको सदा आजारी. लांबच्या गावी त्यांचं कसं व्हायचं?" मी वर्गात सांगितलं, आणि वर्गाची झोपच उडाली. सर मात्र नेहमीसारखेच येत होते. फक्त त्यांचे ओठ आता जास्त हलत होते.

उस्मानाबादहून जीपमधून साहेब आले. चष्मा, टाय, हसणं माहीत नसलेला चेहरा. आमच्या वाचनाच्या तासालाच आले. शाळेचं पुस्तक त्यांनी बाजूला सारलं, स्वतःच्या बॅगेतून एक जाडजूड पुस्तक काढलं आणि मधलंच पान उघडून सरांच्या हातात दिलं. आम्ही कुणी ते पुस्तक पाहिलेलंही नव्हतं.

सर वाचू लागले. हळू, पण एका चालीत. एक परिच्छेद झाला, दुसरा झाला. आमच्या बाकावरच्या शांतानं माझा हात दाबून धरला होता. तिसऱ्या परिच्छेदात सर थांबले. त्यांनी शब्दाकडं बघितलं, पुन्हा बघितलं. मग पानात बोट ठेवून पुस्तक मिटलं, फळ्याच्या डाव्या टोकाला गेले आणि तो शब्द लिहिला. वळून आम्हाला म्हणाले, "हे काय आहे बाबा?"

साहेबांच्या भुवया वर गेल्या. मग मागच्या बाकावरून मल्लू उठला. फळ्याकडं बघत, अक्षर अक्षर जुळवत तो म्हणाला, "दृग्गोचर, सर."

"अर्थ?"

अर्थ कुणालाच येईना. आम्ही काहीबाही सांगू लागलो. एकजण म्हणाला देवाचं नाव आहे, एकजण म्हणाला रोगाचं. सरांनी साहेबांना विचारलं, "साहेब, आपण सांगाल का?" साहेबांनी सांगितलं, डोळ्यांना दिसणारं ते दृग्गोचर. मग शांतानं विचारलं, वारा दृग्गोचर असतो का? साहेब जरा विचारात पडले. त्यांनी उत्तर दिलं, त्यावर आणखी एकानं विचारलं, धूळ उडाली तर? असं करत घंटा झाली. साहेब भानावर आले.

"परीक्षेत तुम्ही मुलांना विचारता?" त्यांनी सरांना विचारलं.

"साहेब, मला हा तास असाच घेता येतो," सर म्हणाले. "दुसऱ्या तऱ्हेनं येत नाही."

साहेबांनी काहीतरी टिपून घेतलं आणि जीपमध्ये बसून गेले. चांगलं म्हणाले नाहीत, वाईटही म्हणाले नाहीत. पुढं कितीतरी आठवडे काहीच कळलं नाही. अण्णा टपाल आलं की आधी तेच बघायचे. आम्ही शाळेत गेलो की आधी सरांची शेरवानी दिसते का ते बघायचो.

मग एक दिवस भर दुपारी अण्णा घरी आले. असे ते कधी यायचे नाहीत. चपला न काढताच स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि आईला म्हणाले, "खतीबसाहेब इथंच राहिले."

आईचे हात पिठात होते. तिनं तसेच ते जोडले.

सरांना बातमी अण्णांनीच दिली होती. ऐकून सर ऑफिसच्या पायरीवर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि पाणी मागितलं. तांब्याभर पाणी एका दमात प्यायले. मग अण्णांना म्हणाले, "कुलकर्णी, इतके दिवस मी भीतीनं वाचत होतो. आता जरा हौसेनं वाचतो."

आणि ते खरोखर हौसेनं वाचू लागले. शाळेत पुस्तकांचं एक कपाट होतं, त्याला कायम कुलूप असायचं. पुस्तकं खराब होतील म्हणून हेडमास्तर ती कुणाला देत नसत. सरांनी किल्ली मागून घेतली आणि सगळी पुस्तकं काढून व्हरांड्यातल्या बाकावर मांडली. ज्याला हवं त्यानं न्यावं, वाचून झालं की आणून ठेवावं.

"चोरीला गेली म्हणजे?" हेडमास्तर म्हणाले.

"पुस्तक चोरणारा मुलगा मला दाखवा," सर म्हणाले, "मी त्याला दुसरं देतो."

धाडसाच्या, समुद्रावरच्या, भुताखेतांच्या गोष्टी सर आमच्याच बरोबरीनं वाचत. त्यांच्या आधी पुस्तक पळवलं तर रुसत. वर्गात अर्धी गोष्ट वाचून झाली आणि घंटा झाली की पुस्तक आमच्यातला कुणीतरी घरी न्यायचा. दुसऱ्या दिवशी सर त्याला दारातच गाठायचे, "बोटीचं काय झालं? नाही, सांगू नका. वाचून दाखवा." पोरानं वाचून दाखवेपर्यंत त्यांना धीर नसायचा. हे शिकवण्यासाठी करतात असं मला तेव्हा कधी वाटलं नाही, आजही वाटत नाही. त्यांना खरंच बोटीची काळजी लागलेली असायची.

मी मॅट्रिक झाले, लग्न होऊन बार्शीला गेले, तिथल्या शाळेत शिकवू लागले. सर निवृत्त झाल्याचं कळलं. पुढं माहेरी आले असताना नळदुर्गच्या स्टँडवर मल्लू भेटला. जळकोटचं दुकान आता तोच बघत होता. सरांचं विचारलं तर त्याचा चेहरा उतरला.

"सरांस्नी दिसंना झालंय. मोतीबिंदू. वाटंत म्या समोर हुबा ऱ्हायलो तर 'कोण' म्हनले. बायको गेल्यावर लातूरला लेकीकडं ऱ्हायला गेले."

ते ऐकल्यापासून मला चैन पडेना. सरांना दिसत नाही एवढंच वाटायचं नाही. इतक्या उशिरा, इतक्या कष्टानं मिळवलेलं वाचन त्यांच्या हातून गेलं, असं वाटायचं. लातूरचा पत्ता ठाऊक नव्हता. शाळेत मुलांकडून वाचून घेताना मध्येच ते आठवायचं आणि मन खट्टू व्हायचं.

वर्षभरानं आम्ही नवराबायको लातूरचं एक लग्न आटोपून छोट्या रेल्वेनं बार्शीला परत येत होतो. येडशीला गाडी थांबली. समोरून लातूरकडं जाणारी गाडी यायची होती, ती आली आणि आमच्या शेजारी उभी राहिली. दोन्ही डब्यांच्या खिडक्यांत चार हातांचं अंतर.

समोरच्या खिडकीत खतीब सर बसले होते. दाढी पांढरी शुभ्र झालेली. डोळ्यांवर ऑपरेशन झालेल्या माणसांचा असतो तसला जाडजूड भिंगांचा चष्मा. आणि नाकाशी धरलेलं पुस्तक. सर वाचत होते.

मी खिडकीशी सरकले. मग मी हाक मारली, "सर." इंजिनाच्या वाफेचा आवाज चालू होता. त्यांना ऐकू गेलं नाही. शेजारी एक बाई बसली होती, त्यांची लेक असावी. तिनं त्यांच्यापुढं सोललेलं संत्रं धरलं होतं. त्यांचं तिकडंही लक्ष नव्हतं. कपाळावर आठ्या होत्या. गोष्टीत काहीतरी वाईट घडत असावं.

"पुन्हा हाक मार ना," आमचे हे म्हणाले. "जोरात मार, ऐकू जाईल."

"थांबा," मी म्हटलं. "पान संपू दे त्यांचं."

शिट्टी झाली. त्यांची गाडी आधी हलली. पान काही संपलं नाही.